नीलम, उत्तरेची खिडकी आणि खिळ्यावरचा शर्ट

सगळ्यात आधी शर्ट. कारण काकांकडे कुणीही गेलं तरी सगळ्यात आधी शर्टच यायचा.

बडोद्याच्या दांडिया बाजारात एका फरसाणवाल्याच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर, काकांची खोली होती. दुकान नाही, पाटी नाही, काही नाही. दाराच्या मागे एक खिळा आणि खिळ्यावर दोन जुने पांढरे शर्ट, इस्त्री केलेले. तुम्ही नीलम निवडायला आलात आणि तुमच्या अंगात रंगीत काही असेल, तर काका नमस्कार-बिमस्कार करायच्या आधी खिळ्याकडे बोट दाखवणार. मी स्वतः बघितलंय, भारीतली बांधणी नेसलेल्या, हातभर बांगड्या घातलेल्या बाई वरून काकांचा ढगळ फुलशर्ट चढवून, बाह्या दुमडून, शाळेतल्या मुलीसारख्या गप्प बसलेल्या.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझा कुर्ता राणी कलरचा होता.

"घाल," काका म्हणाले.

"पण कशाला?"

"तुझा कुर्ता खड्यात शिरतोय. मला खडा बघायचाय, कुर्ता नाही."

आणि खरंच, मी शर्ट घातला आणि त्यांच्या चिमट्यातला नीलम असा काही बदलला ना! एक सेकंद आधी त्यात काहीतरी गुलाबी लुकलुकत होतं, ते गेलंच. मला वाटत होतं ती खड्याची चमक आहे. ती मी होते.

मी तिथे का गेले ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी मांजलपूरला राहते. डिझाइनचा कोर्स झाल्यावर घरीच चांदीचे दागिने करायला लागले, इन्स्टावर टाकायचे, मैत्रिणी आणि मैत्रिणींच्या मैत्रिणी घ्यायच्या. मग जरा डोक्यात हवा गेली आणि मी पाच नीलम आणले. व्यापाऱ्याच्या टेबलावरच्या दिव्याखाली काय निळे दिसत होते! घरी येऊन ट्यूबलाइट लावली तर पाचच्या पाच काळे. आई म्हणाली, "हे काय, शर्टाची बटणं आणलीस?" मी रडायचीच बाकी होते. मग आमच्या ओळखीच्या सोनाराने सांगितलं, दांडिया बाजारातल्या काकांकडे जा. पण दहाच्या आधी जाऊ नकोस.

दहाच्या आधी का नाही, तर खाली फाफडे तळत असतात आणि सगळा धूर काकांच्या खिडकीत. ती खिडकी उत्तरेला होती. तिच्यात थेट ऊन कधीच येत नाही, एकसारखा थंड उजेड येतो, आणि काकांचं सगळं काम त्या उजेडावर. दहा ते बारा. बाराला चिमटा खाली, मग समोर कुणी का असेना. ढगाळ असलं की काका खूश. "आज वरच्याने पडदा लावलाय. आज मजा आहे."

माझी पाच बटणं त्यांनी खिडकीत एकेक उचलून बघितली आणि परत पुडीत बांधून दिली. म्हणाले, "हे दिव्याचे जावई आहेत. दिवा समोर असला की हसतात. तू ह्यांना घरी का आणलंस?"

मी हसले. आणि दुसऱ्या दिवशी परत गेले. मग तिसऱ्या दिवशी. मग दोन-अडीच वर्षं जातच राहिले.

काका माणसाला नावाने हाक मारायचे नाहीत. जो जिथे राहतो ते त्याचं नाव. मी मांजलपूर. "मांजलपूर, वाटीत पाणी घे." "मांजलपूर, वाडीला सांग बाराच्या आत ये." वाडी म्हणजे वाडी भागात राहणारा एक कारागीर, जो अंगठ्यांत खडे बसवायचा. एकदा एका सोसायटीतून दोघे भाऊ एकदम आले तर काका गडबडले, मग मजले विचारून घेतले.

ते स्वतः पक्के बडोद्याचे. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. काका म्हणायचे, "पणजोबांनी तलवार धरली, आजोबांनी लेखणी, वडिलांनी रेल्वेचा झेंडा आणि मी चिमटा. आमच्याकडे पिढीगणिक हत्यार लहान होत गेलंय." आयुष्यभर एका झवेरीकडे खडे निवडायचं काम केलं आणि म्हातारपणी घरीच बसले, तर सगळं गाव जिना चढून वर यायला लागलं. झवेरी पुड्या पाठवायचे, लोक ज्योतिषाची चिठ्ठी घेऊन यायचे. ज्याच्या-त्याच्या चिठ्ठीत शनी. काका शनीची कधी टिंगल करायचे नाहीत, पण चिठ्ठी वाचायचेही नाहीत. "शनी कुठे बसलाय ते शास्त्रीबुवांना माहीत. रंग कुठे बसलाय ते मी बघतो." आणि मग त्यांचा पहिला प्रश्न, "दिवसभर असता कुठे? ऑफिसात? उन्हात? स्वयंपाकघरात?" कारण जो नीलम उन्हात झकास तो ट्यूबखाली कोळसा होऊ शकतो, आणि माणूस काही खिडकीत बसून जगत नाही.

आता रंग कुठे बसलाय म्हणजे काय, तर ऐका, ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट आहे. काका खडा वाटीतल्या पाण्यात सोडायचे आणि आडवा बघायला लावायचे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी ओरडलेच. वरून अख्खा निळा दिसणारा खडा पाण्यात जवळजवळ पांढरा! आणि खाली, अगदी टोकाशी, निळ्याचा एक ठिपका. कापणाऱ्याने तो ठिपका मुद्दाम तळाशी ठेवला होता, म्हणजे वरून बघितलं की सगळीकडे तोच पसरलेला दिसतो.

"ही फसवणूक आहे!" मी म्हणाले.

"ही कला आहे. एवढाच रंग होता बिचाऱ्याकडे, त्याने घरभर पुरवला. फसवणूक कधी, जेव्हा मी तुला हे सांगत नाही तेव्हा."

पैलू बघायला त्यांच्याकडे गुजराती पेपर असायचा. जाहिरातींच्या पानावर खडा ठेवायचा आणि वरून बघायचं. मधून अक्षरं वाचता आली तर कापणं वाईट, उजेड आत फिरून परत यायच्या ऐवजी सरळ खाली पडतोय. एकदा एक भाऊ मोठ्या टेचात मोठा नीलम घेऊन आले. काकांनी पेपरवर ठेवला, वाकले आणि मोठ्याने वाचलं, "भाडे आपवानो छे." मग वर बघून, "भाई, खडा रिकामाच आहे, भाड्याने द्या." ते भाऊसुद्धा हसत सुटले.

दोष बघायला भिंग. पण मला वाटायचं दोष म्हणजे वाईट, तसं नाही. आत बारीक रेशमासारखे धागे असतात, ते थोडे असले तर काका खूश, त्याने निळा मऊ होतो म्हणायचे. अगदी साफ खडा दिसला की भुवया वर. "एवढा साफ? कारखान्यातला तर नाही ना? मग आधी लॅबचा कागद आण." पण कडेला जरा जरी चीर दिसली की संपलं. "हा घालून तू भांडी घासणार आणि एक दिवस अर्धा खडा घासणीत."

आणि एका वेळी पाचच्या वर खडे नाहीत. पाच बघून झाले की समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे तोंड करायचं आणि वीस आकडे मोजायचे. त्याला काका म्हणायचे, "डोळ्यांनी चूळ भर." कारण निळ्यावर निळा बघत गेलं की डोळा सुस्तावतो, सगळंच सारखं दिसायला लागतं. ती भिंत काका दर दिवाळीला स्वतः चुना लावून पांढरी करायचे. बाकीच्या खोलीत पोपडे पडलेले, ती एक भिंत नवीकोरी.

त्या भिंतीनेच घोळ केला. म्हणजे भिंतीने नाही. सांगते.

काकांचा खरा नावलौकिक होता जोडीसाठी. एक चांगला नीलम कुणीही शोधेल, पण दोन कानांत दोन, अगदी सारखे, हे महाकठीण काम. अलकापुरीच्या एका बेनना मुलीच्या लग्नात घालायला कानातले हवे होते आणि ऑर्डर मला मिळाली. मला! माझी पहिली मोठी ऑर्डर. काकांनी पुड्यांवर पुड्या मागवल्या, रोज दहा ते बारा बसले, अकरा दिवस. बाराव्या दिवशी ताटलीत दोन खडे ठेवून माझ्याकडे सरकवले. "घे. सख्ख्या बहिणी."

मी बघितलं. एक निळा होता. दुसराही निळा होता, पण त्याच्या कडेला काहीतरी जांभळट होतं, जांभूळ खाल्ल्यावर जिभेला राहतं तसं, जरासंच. मी भिंतीकडे वळले, वीस मोजले, परत बघितलं. तरी तेच.

"काय गं?"

"काही नाही."

"एकच आहेत ना?"

"हो काका."

बस, एवढंच. मी म्हटलं, माझे डोळे दोन वर्षांचे, काकांचे पन्नास वर्षांचे, मला काय कळतंय. कानातले केले, बेन खूश, लग्न झालं, फोटो आले. फोटोत मी फक्त जांभळट खड्याचा तो उजवा कान मोठा करून बघायचे आणि फोन बंद करायचे.

पुढे काही महिन्यांनी काका चहाचा कप टेबलाच्या कडेच्या बाहेर ठेवायला लागले. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा कप माझ्या मांडीवर. त्यांची मुलगी पुण्याहून आली आणि बडबड करत त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आधी उजव्याचं ऑपरेशन, डाव्याचं महिन्याभराने.

डॉक्टरांनी उजेडाची परवानगी दिली त्या दिवशी मी सेवउसळ घेऊन वर गेले. वाटलं, काका ओरडतील, खोलीत तिखट वास नको म्हणून. काका भिंतीसमोर उभे होते. एका हाताने उजवा डोळा झाकला. सोडला. डावा झाकला. सोडला.

"मांजलपूर, ही भिंत कुठल्या रंगाची आहे?"

"पांढरी."

"ह्या नव्या डोळ्याने पांढरी. ह्या जुन्याने चहा सांडलेली." परत झाकला. "पांढरी. चहा. पांढरी. चहा." मग वळून म्हणाले, "डॉक्टर म्हणाला हे हळूहळू येतं. दोन वर्षं, तीन वर्षं. माणसाला पत्ता लागत नाही. म्हणजे दोन-तीन वर्षं मी गावातल्या लोकांना ह्या भिंतीवर डोळे धुवायला लावत होतो आणि मी स्वतः..."

गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले. तिथे मी त्यांना कधीच बसलेलं बघितलं नव्हतं.

"अलकापुरीची जोडी घेऊन ये," म्हणाले.

स्कूटी काढली आणि गेले. बेननी आधी काकांची तब्येत विचारली, डबीतून कानातले आणून दिले, आणि मी निघताना दारात जरा थांबून म्हणाल्या, "साचुं कहुं? मने तो पहेला दिवसथी ज जुदा लागता'ता. पण काकाए आप्या छे, एटले मने थयुं, मारी ज आंखनो वांक हशे."

म्हणजे त्यांनाही पहिल्या दिवसापासून वेगळे दिसत होते आणि त्यांनीही स्वतःच्याच डोळ्यांना दोष दिला होता. दोघी बायका, दोघींना दिसलेलं, दोघी गप्प.

काकांनी कानातले खिडकीत धरले, डावा डोळा झाकून नव्या डोळ्याने बघितले. खूप वेळ नाही. एकदाच.

"तुला दिसलं होतं?"

मी शर्टाच्या बाहीचं बटण लावत बसले.

"मांजलपूर. दिसलं होतं?"

"हो."

"मग?"

"तुम्ही म्हणालात एकच आहेत."

ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "म्हणजे मी तुला दोन वर्षं खडा बघायला शिकवलं आणि ऐन वेळेला तू खडा सोडून माझं तोंड बघितलंस." आणि मग, "उद्या गाडीत पेट्रोल भरून ये."

काकांनी त्या दोन-तीन वर्षांत दिलेला प्रत्येक नीलम परत बघायचा ठरवला. वहीबिही नव्हती, खडा ते कधी विसरायचेच नाहीत. मी म्हटलं, काका, कुणाचीही तक्रार नाही, कशाला? गावात बोलतील काकांचे डोळे गेले म्हणून, पुड्या यायच्या बंद होतील. (झाल्याही बंद, काही दिवस. दोन झवेऱ्यांनी नुसतं "बघू पुढे" सांगितलं.) काका म्हणाले, "डोळे गेलेच होते. त्यात लोक खोटं काय बोलतील?"

तर मी पुढे, काका मागे, त्यांच्या मांडीवर पिशवी. पिशवीत पांढरी ताटली, वाटी, चिमटा, स्वतःच्या साठ्यातले खडे आणि दोन्ही शर्ट! हो, लोकांच्या घरी जाऊन, त्यांच्याच सोफ्यावर, त्यांना शर्ट घालायला लावला. दारात वाक्य एकच. "मी तुमचा खडा निवडला तेव्हा माझ्या डोळ्यात मोतीबिंदू होता. परत बघू द्या." लोक ओशाळायचे, चहा टाकायचे, काका, हे काय बोलताय असं म्हणायचे. आठ दिवस आम्ही फिरलो. बहुतेक खडे छान निघाले. चार नाही निघाले. तीन काकांनी बदलून दिले, तेवढ्याच वजनाचे, आणि बघाल तर असे सुंदर!

चौथा होता रिफायनरीतल्या एका दादांचा. त्यांनी मूठच मिटली.

"काका, ह्याला हात लावू नका. हा घातला आणि मी पर्मनंट झालो."

"अरे, पण तो दिव्याखाली जांभळा होतो. वांग्यासारखा."

"वांगं तर वांगं. पर्मनंट वांगं आहे."

तेवढ्यात आतून त्यांची बायको पोळीचं पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली. "मी पहिल्या दिवसापासून सांगतेय जांभळा आहे म्हणून! हे म्हणतात, तुला जास्त कळतं की काकांना?"

काका उठून उभे राहिले. दोन्ही हात जोडले. "तुम्हाला जास्त कळतं," म्हणाले. बाई अशी लाजली की पदराला पीठ पुसून आत पळाली. जिना उतरताना काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "बघ. ती बोलली."

मला ते लागलं. अजून लागतं.

बेनची जोडी राहिली होती. काका म्हणाले, निळा खडा तसाच ठेवायचा, जांभळटाच्या जागी दुसरा शोधायचा, आणि तो मी शोधायचा. ते खिडकीत नाही बसले, गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले, पाठ करून. मी पाच बघायचे, भिंतीकडे वळायचे, वीस मोजायचे, पाच बघायचे. सहा दिवस. मला स्वप्नात निळं दिसायला लागलं होतं. सातव्या दिवशी तीन उरले. मी ताटलीत निळा ठेवला, शेजारी तिघे.

काका वळले. डावा डोळा झाकला, बघितलं, आणि तिसऱ्यावर चिमटा टेकवला. "हा. सख्खी बहीण."

मी बघितलं. तो खडा सुंदर होता, पण त्याचा निळा खालच्या बाजूला किंचित हिरव्यात जात होता.

"नाही काका. दुसरा."

"हा आहे."

"ह्यात हिरवा आहे."

"नवा डोळा लावलाय मी, मांजलपूर! पन्नास वर्षं जोड्या लावतोय!"

आवाज एवढा की खालचा फरसाणवाला जिन्यात येऊन "शुं थयुं काका?" विचारून गेला. मी काकांकडे बघितलंच नाही. ताटलीकडे बघत म्हणाले, "तरी हिरवा आहे. तुमची ती सख्खी बहीण म्हणजे हा दुसरा."

काकांनी तिसरा खडा उचलला, पुडीत घातला आणि पुडीची घडी घातली. शांतपणे. "आहेच हिरवा," म्हणाले. "मला सकाळी जिन्यातूनसुद्धा दिसला असता." आणि मग खाली ओरडून दोन चहा आणि पाव किलो फाफडा मागवला, बाराच्या आत, खोलीत, खिडकीशेजारी! तेल लागलेल्या बोटांनी आम्ही दोघांनी त्या दिवशी एकाही खड्याला हात लावला नाही.

बेनना नवे कानातले नेऊन दिले. त्यांनी आरशात बघितलं, एक कान, दुसरा कान, आणि माझ्या गालाला हात लावला.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर मुलीने काकांना पुण्याला नेलं. जाताना ताटली, वाटी, भिंग सगळं मला देऊन गेले, आणि घरमालकाला सांगून गेले की खोलीत ही बसेल. शर्ट खिळ्यावरच. ह्या दिवाळीला भिंतीला चुना मी लावला, अर्धा अंगावर.

आता आठवड्यातून एकदा फोन येतो, बरोबर बारा वाजता. एकदा एका खड्याचं अडलं होतं म्हणून विचारलं, फोटो पाठवू का? तर केवढे चिडले. "फोनमध्ये रंग बघतात का? फोनला शर्ट घातलास का?" धंदा कसा आहे, किती आहे, ते विचारत नाहीत. मी किती खडे निवडले तेही नाही. एकच विचारतात.

पहिल्यांदा विचारलं तेव्हा मला वाटलं चुकून दुसऱ्याच कुणाला फोन लावलाय, मी मागे वळून खोलीत बघितलंसुद्धा. कोणी नव्हतं. मीच होते, अंगात त्यांचा शर्ट, हातात चिमटा, आणि फोनमधून काकांचा आवाज,

"काय दांडिया बाजार, आज कुणाला नाही म्हणालीस?"